आधी क्रियापद शोधा: इंग्रजी साहित्यातली वाक्यरचना, सूर आणि प्रकार

बी.ए.ला इंग्रजी साहित्य घेतलेल्या मुलांच्या वह्या मी बरीच वर्षं तपासतोय. जवळपास प्रत्येक वहीत एक वाक्य हमखास सापडतं: 'या उताऱ्याचा टोन गंभीर आहे.' त्याच्या खाली: 'लेखकाने सुंदर भाषा वापरली आहे.' ही मुलं आळशी नसतात. गोष्ट त्यांना कळलेली असते, पात्रं आवडलेली असतात, एखादीने तर कादंबरी दोनदा वाचलेली असते. वाक्याकडे पाहायचं म्हणजे नेमकं काय पाहायचं, हे मात्र कुणी शेजारी बसून दाखवलेलं नसतं.

वर्गात साधारणपणे आधी साहित्यप्रकारांच्या व्याख्या येतात (ज्याला हल्ली सगळे जॉनर म्हणतात), मग सूर (वहीतला तो 'टोन'), आणि वाक्यरचना उरलीच तर व्याकरणाच्या तासाला. मी हा क्रम उलटा करायला सांगतो. वाक्यरचना कागदावर दिसते, तिच्यावर पेन्सिल फिरवता येते. सूर त्या रचनेतून ऐकू येतो. आणि तो सूर खरा धरायचा की नाही, हे प्रकार सांगतो. खालचा सगळा लेख याच क्रमाने जातो.

तयारी

उतारा लहान घ्या. दहा-पंधरा ओळी पुरेत, पहिल्या आठवड्यात तर एकच वाक्य. मी इथे जी उदाहरणं घेतोय ती सगळी जुनी, स्वामित्वहक्कातून मोकळी झालेली पुस्तकं आहेत. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात. मूळ मजकूर उतरवून त्याची छापील प्रत काढा, कारण मोबाइलच्या पडद्यावर पेन्सिल चालत नाही. उतारा दोनदा मनात वाचा आणि तिसऱ्यांदा मोठ्याने. उच्चार चुकले तरी चालतील. दम कुठे लागतो आणि कुठे थांबावंसं वाटतं, तिथे बारीक खूण करा. या खुणा पुढे फार कामाला येतात.

गाइड या टप्प्यावर उघडू नका. त्यातलं उत्तर एकदा डोक्यात बसलं की वाक्य ऐकू येणं बंद होतं.

पहिली पायरी: कर्त्याभोवती गोल, क्रियापदाखाली रेघ

वाक्य कितीही लांब असो, त्यातलं मुख्य वाक्य शोधा आणि त्याचा कर्ता व क्रियापद यांवर खूण करा. उपवाक्यं तूर्त बाजूला राहू द्या. मग मोजा: मुख्य क्रियापद कितवा शब्द आहे?

हे मोजणं मी का करायला लावतो ते नीट सांगतो, कारण मराठी वाचकाची खरी अडचण इथेच आहे. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. 'काल संध्याकाळी स्टेशनवर भेटलेल्या त्या माणसाला मी पैसे' एवढं ऐकून झालं तरी दिले, मागितले की परत केले, हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि त्याचं आपल्याला काहीच वाटत नाही. जन्मापासून आपण असेच ऐकत आलोय. इंग्रजी माणसाचा कान मात्र कर्त्यामागोमाग क्रियापद येणार, असं धरून चालतो. ते लांबलं की त्याचा श्वास अडकतो. म्हणजे इंग्रजी लेखक क्रियापद मागे ढकलतो तेव्हा तो मुद्दाम काहीतरी करतोय, आणि नेमकं तेच आपल्याला जाणवत नाही, कारण आपल्याला ते घरच्यासारखं वाटतं.

मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट'ची सुरुवात घ्या. 1667 सालचं हे महाकाव्य. पहिल्या ओळीत माणसाची पहिली अवज्ञा येते, मग त्या निषिद्ध झाडाचं फळ, त्याची जीवघेणी चव, जगात आलेला मृत्यू आणि दुःख, हातचं गेलेलं ईडन (बायबलमधली स्वर्गीय बाग), पुढे कधीतरी येऊन आपल्याला सावरणारा तो थोर पुरुष, आणि सहाव्या ओळीच्या सुरुवातीला येतं 'सिंग', गा. मोजून पाहा, तो एकोणचाळिसावा शब्द आहे. याचं मराठी केलं तर 'माणसाची पहिली अवज्ञा आणि त्या निषिद्ध झाडाचं फळ... यांचं गीत गा, हे स्वर्गीय देवते' असं अगदी सरळ वाक्य होतं, कुठेही ठेच लागत नाही. इंग्रजीत मात्र मानवजातीचा सगळा इतिहास, पतनापासून उद्धारापर्यंत, वाचकाच्या छातीवर ठेवून मग कवी त्याला श्वास सोडू देतो. पेन्सिलीने मोजल्याशिवाय आपल्याला हे कळायचं नाही.

उलटी गंमतही आहे. मराठीत क्रियापद गाळलं तरी चालतं. 'बाहेर पाऊस. घरात मी एकटी.' यात काही कमी आहे असं कुणाला वाटत नाही. इंग्रजीत असं वाक्य अपुरं समजतात. आता डिकन्सची 'ब्लीक हाउस' उघडा. मार्च 1852 पासून सप्टेंबर 1853 पर्यंत ती महिन्या-महिन्याने हप्त्यांत छापून आली. पहिलं वाक्य एका शब्दाचं: 'लंडन.' त्यानंतर न्यायालयाचं सत्र नुकतंच संपलेलं, लॉर्ड चॅन्सलर (चॅन्सरी कोर्टाचे मुख्य न्यायाधीश) लिंकन्स इन हॉलमध्ये बसलेले, नोव्हेंबरची निष्ठुर हवा, रस्त्यांत चिखल, आणि दुसऱ्या परिच्छेदाच्या तोंडाशी 'फॉग एव्हरीव्हेअर.' सगळीकडे धुकं. नदीच्या वरच्या अंगाला धुकं, खालच्या अंगाला धुकं, जहाजांवर धुकं, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत आणि घशात धुकं.

या पहिल्या तीन परिच्छेदांत मुख्य वाक्यांना क्रियापदं जवळजवळ नाहीतच. चॅन्सलरसुद्धा 'सिटिंग' आहेत. बसलेले, पण 'बसले आहेत' की 'बसले होते' ते नाही. काळच नाही. चौथ्या परिच्छेदात पोचल्यावर एकदाचं 'इज' येतं, आणि तेही दुपार सगळ्यांत बोचरी, धुकं सगळ्यांत दाट आणि रस्ते सगळ्यांत चिखलाळ कुठे आहेत ते सांगायला. त्या जागेपासून वाक्य आपल्याला चॅन्सरी कोर्टाकडे नेतं. त्या कोर्टात जार्नडाइस विरुद्ध जार्नडाइस हा वारशाचा खटला पिढ्यान्‌पिढ्या पडून आहे. खटला हलत नाही, धुकं हलत नाही, आणि वाक्यातून क्रिया हे अंगच काढून घेतलंय. गोष्ट काय आहे हे कळायच्या आधी व्याकरणाने ती सांगून टाकलेली आहे. मी पहिल्यांदा हे पेन्सिल घेऊन पाहिलं त्या दिवशी पुढे वाचवेना, परत पहिल्या शब्दावर आलो.

इथे एक छोटा प्रयोग करा. त्या तुटक वाक्यांमध्ये गाळलेली 'इज' आणि 'वॉज' स्वतः घालून परिच्छेद पुन्हा लिहा आणि मोठ्याने वाचा. लंडन उरेल, धुकंही उरेल. बिघडेल काय, ते एका ओळीत वहीत लिहून ठेवा. ती ओळ तुमच्या उत्तराचं बीज असेल.

दुसरी पायरी: काम कुणी केलं, आणि वाक्यात कर्ता कोण आहे?

मराठीत 'मांजराने उंदीर पकडला' आणि 'उंदीर मांजराने पकडला' यांत कुणी कुणाला पकडलं याचा घोटाळा होत नाही. 'ने' सगळं सांभाळतो. इंग्रजीकडे नामांना असे प्रत्यय उरलेले नाहीत, तिथे जागाच अर्थ ठरवते. म्हणून कर्त्याच्या जागेवर लेखकाने कुणाला बसवलंय, हे फार बोलकं असतं.

ब्राउनिंगची 'माय लास्ट डचेस' ही कविता 1842 ची. फेराराचा ड्यूक आपल्या दिवंगत पत्नीचं चित्र एका पाहुण्याला दाखवतोय. हा पाहुणा एका काउंटकडून आलाय, आणि त्या काउंटच्या मुलीशी ड्यूकला लग्न करायचंय. ती सगळ्यांकडे पाहून हसायची, नुसतं आपल्याकडे पाहून नाही, हे ड्यूकला खुपत होतं. मग एका दमात तीन छोटी वाक्यं येतात: 'दिस ग्रू; आय गेव्ह कमांड्स; देन ऑल स्माइल्स स्टॉप्ड टुगेदर.' हे वाढत गेलं; मी हुकूम दिले; मग सगळी हसू एकदम थांबली.

तिन्हींच्या कर्त्यांवर गोल करा. 'हे', मग 'मी', मग 'हसू'. ड्यूक कर्त्याच्या जागेवर एकदाच येतो, आणि तेव्हा त्याने केलेलं काम म्हणजे नुसता हुकूम देणं. ती मेली असं वाक्यच नाही, तिला मारलं असंही नाही. हसू थांबली, जणू आपली आपणच. मध्ये फक्त अर्धविराम. एका बाईचा जीव त्या दोन अर्धविरामांच्या फटीत गेलाय.

कर्मणी प्रयोगाचंही असंच. तो दिसला की विचारा, इथे जबाबदारी कुणाच्या अंगावरून कुणाकडे सरकली?

तिसरी पायरी: सूर ओळखायचा तर आधी मराठीत बोलून पाहा

सूर म्हणजे बोलणाऱ्याचा विषयाकडे आणि ऐकणाऱ्याकडे पाहण्याचा भाव. वाचणाऱ्याच्या मनावर जो परिणाम होतो तो वेगळा, त्याला मूड म्हणतात. दोन्हींची गल्लत करू नका. ड्यूकचा सूर सभ्य आहे, अंगावर काटा आपल्या येतो.

सुरासाठी मुलांजवळ इंग्रजीत चारच शब्द असतात: सीरियस, सॅड, हॅपी, आयरॉनिक. मराठीत मात्र त्यांच्या घरात डझनभर शब्द रोज ऐकू येतात. खवचट, आर्जवी, तुसडा, लाडिक, कुत्सित, करडा, हळवा, कोरडा, लटक्या रागाचा, समजुतीचा, मानभावी. आधी मराठी शब्द शोधा. 'मानभावी' सुचलं की त्यासाठी इंग्रजी शब्द शोधायला कोशात जा. उलट दिशेने गेलात तर 'सीरियस'वरच अडकाल.

त्याहून खात्रीची युक्ती मी मुलांना देतो ती अशी: वाक्याचं बोली मराठीत भाषांतर करा आणि 'यू'च्या जागी काय घालायचं ते ठरवा. तू, तुम्ही, की आपण? इंग्रजीने हा फरक पुसून टाकलाय, मराठीत त्यातून सुटका नाही. ड्यूक त्या पाहुण्याला 'तुम्ही' म्हणेल की 'आपण'? वर्गात यावर अर्धा तास भांडण होतं, आणि त्या अर्ध्या तासात कविता जितकी कळते तितकी व्याख्यानाने कळत नाही.

शेक्सपिअरच्या काळी हा फरक इंग्रजीत जिवंत होता. 'दाऊ' जवळचं किंवा खालचं, 'यू' आदराचं किंवा अंतराचं. 'हॅम्लेट'च्या तिसऱ्या अंकातल्या चौथ्या प्रवेशात राणी मुलाला बोलावून घेते. बाप वारल्यावर तिने दिराशी, क्लॉडियसशी, लग्न केलंय.

राणी म्हणते, 'हॅम्लेट, दाऊ हॅस्ट दाय फादर मच ऑफेंडेड.' तू तुझ्या वडिलांना फार दुखावलंस.

हॅम्लेट म्हणतो, 'मदर, यू हॅव माय फादर मच ऑफेंडेड.' आई, तुम्ही माझ्या वडिलांना फार दुखावलंत.

रचना तीच. क्रियेचा शब्द दोन्हीकडे शेवटी, आपल्यासारखा. बदललं एवढंच: 'दाऊ'चं 'यू' झालं आणि 'दाय फादर'चं 'माय फादर'. तिचा 'वडील' म्हणजे क्लॉडियस, याचा 'वडील' म्हणजे खून झालेला राजा. आणि पुढच्याच वाक्यात राणीही 'दाऊ' सोडून मुलाला 'यू' म्हणू लागते. आपल्याकडे चिडलेली आई मुलाला एकाएकी 'आपण कुठे निघालात?' म्हणते तेव्हा घरातलं वारं कसं थंड होतं, हे मराठी मुलांना सांगावं लागत नाही. या ठिकाणी आपली भाषा आपल्याला आजच्या इंग्रजी मुलांपेक्षा जास्त मदत करते, तिचा पुरेपूर उपयोग करा.

सूर एकाच शब्दसमूहाचाही बदलू शकतो. 'ज्युलियस सीझर'मध्ये अँटनी सीझरच्या प्रेतापाशी उभा राहून सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एकाला, ब्रूटसला, पुन्हा पुन्हा 'ऑनरेबल मॅन' म्हणतो. पहिल्यांदा ते सरळ घेता येतं. प्रत्येक वेळी मध्ये तो सीझरच्या चांगुलपणाची एखादी आठवण ठेवतो, आणि थोड्याच वेळात गर्दीतला एक माणूस ओरडतो की ते फितूर होते, कसले ऑनरेबल! शब्द तेच, मधल्या वाक्यांनी त्यांचा अर्थ उलटला. त्यामुळे सुराबद्दल एका वाक्यावरून निकाल देऊ नका. त्याच्या आजूबाजूला काय ठेवलंय ते पाहा.

चौथी पायरी: प्रकाराने काय कबूल केलंय?

डफ-तुणतुण्याचा आवाज आला की पोवाडा सुरू होणार हे आपल्याला कळतं, आणि कान त्या तयारीने बसतो. प्रकार म्हणजे ती तयारी. मिल्टन वाग्देवतेला 'गा' म्हणतो तेव्हा तो होमर-व्हर्जिल या प्राचीन महाकवींच्या रांगेत उभा राहतोय. ज्ञानेश्वरीतलं 'ओम नमो जी आद्या' ऐकलेल्या माणसाला ग्रंथारंभीचं आवाहन नवं नाही.

प्रकाराचे कप्पे पक्के मानू नका, एवढं मात्र लक्षात ठेवा. शेक्सपिअर 1616 साली गेला. 1623 मध्ये त्याची 36 नाटकं 'फर्स्ट फोलिओ' म्हणून एकत्र छापली, ती तीन भागांत: सुखात्मिका, इतिहासनाटकं, शोकात्मिका. त्यात 'सिंबेलिन' हे नाटक शोकात्मिकांत घातलंय, आणि त्याचा शेवट होतो भेटीगाठींनी आणि क्षमेने. खुद्द छापणाऱ्यांचीच जिथे पंचाईत झाली, तिथे तुम्हाला एखादं पुस्तक कप्प्यात बसवता आलं नाही तर घाबरू नका. 'हा कोणता प्रकार?' यापेक्षा 'हा प्रकार काय देणार असं मला वाटलं, आणि लेखकाने काय दिलं?' हा प्रश्न जास्त कामाचा.

सुनीत घ्या. चौदा ओळींची ही घडण केशवसुतांनी मराठीत रुजवली, त्यामुळे नाव ओळखीचं आहे. शेक्सपिअरच्या 1609 साली छापलेल्या 154 सुनीतांपैकी 130 व्या सुनीतात तो म्हणतो की माझ्या प्रियेचे डोळे सूर्यासारखे मुळीच नाहीत, ओठांपेक्षा पोवळं कितीतरी लाल, केस म्हणजे धातूच्या तारा. नुसतं हे वाचलं तर अपमान वाटतो. पण त्या काळच्या प्रेमसुनीतांत प्रियेच्या एकेका अवयवाला सूर्य, पोवळं, हिम, गुलाब यांची उपमा द्यायची चाल होती, आपल्या नखशिखान्त वर्णनांसारखीच. ती चाल ठाऊक असली की कळतं, टोला प्रियेला नाही, इतर कवींना आहे. आणि तेराव्या ओळीच्या तोंडाशी 'अँड येट' येतं, 'आणि तरीही'. त्या दोन शब्दांवर सगळी कविता वळते. इंग्रजी सुनीतात शेवटच्या दोन ओळींपाशी असं वळण येतं. तिथे आधी पाहायची सवय लावा.

प्रकार आणि सूर एकमेकांशी भांडतात तेव्हा तर डोळे उघडे ठेवावेच लागतात. स्विफ्टने 1729 साली डब्लिनमध्ये 'अ मॉडेस्ट प्रपोजल' हे पत्रक काढलं. त्याचा प्रकार सरकारला सूचना करणाऱ्या आर्थिक प्रस्तावाचा, भाषा हिशेबनिसाची. गरिबांची 1,20,000 मुलं, त्यांतली 20,000 वंश चालवायला राखावीत, उरलेली 1,00,000 वर्षाची झाली की श्रीमंतांच्या जेवणासाठी विकावीत. मूल चवीला उत्तम लागतं हे तो स्वतः म्हणतच नाही. 'आय हॅव बीन ॲश्युअर्ड', मला तसं खात्रीने सांगण्यात आलंय, आणि सांगणारा लंडनमधला ओळखीचा एक अमेरिकन. दुसऱ्या पायरीतला कर्मणी प्रयोग तो हाच. आवाज कुठेही चढत नाही, आणि न चढण्यातच संताप आहे: आयर्लंडची माणसं भुकेने मरत असताना त्यांच्याबद्दल याच थंड हिशेबी भाषेत बोललं जात होतं. इथे बोलणारा 'मी' आणि स्विफ्ट ही दोन माणसं आहेत. उत्तरात 'लेखक म्हणतो' लिहिण्यापूर्वी दरवेळी थांबून तपासा की म्हणतंय कोण.

वहीत कसं उतरवायचं

एका परिच्छेदात एकच निरीक्षण घ्या. खूण केलेला शब्द किंवा जागा आधी, तिच्यामुळे ऐकू आलेला सूर मग, आणि प्रकाराचा धागा शेवटी. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च्या, 1813 च्या, पहिल्या वाक्यावर मी वर्गात फळ्यावर लिहून दाखवतो तो परिच्छेद असा:

'वाक्य "इट इज अ ट्रूथ" असं सुरू होतं. कर्त्याच्या जागी माणूस नाही, रिकामं "इट" आहे. "युनिव्हर्सली ॲक्नॉलेज्ड", म्हणजे साऱ्या जगाने मानलेलं. पण मानतं कोण, ते सांगितलेलं नाही. एवढ्या तत्त्वज्ञानी सुरुवातीनंतर सिद्धान्त येतो तो हा, की पैसेवाल्या अविवाहित पुरुषाला बायको हवी असणारच. शेवटचा शब्द "वाइफ". भारदस्त सुरुवात आणि घरगुती शेवट यांच्यामधल्या उंचीतून मिस्कील, वरवर साळसूद सूर ऐकू येतो. लग्नाने संपणाऱ्या कादंबरीचं पहिलंच वाक्य लग्नावर येऊन थांबतं, म्हणजे प्रकाराची कबुली दिली जाते, पण ती देणारा आवाज पुरता विश्वासाचा नाही.'

याच्या पुढच्या वाक्यावर हे तुम्ही स्वतः करून पाहा. तिथे कळतं की हे जगन्मान्य सत्य खरं तर शेजारपाजारच्या घरांत मानलेलं आहे. त्या वाक्यात 'प्रॉपर्टी' हा शब्द येतो. तो कुणाला लावलाय आणि कुणाची मालमत्ता म्हणून, ते पेन्सिलीने शोधा. शोधताना एवढं ध्यानात असू द्या की त्या काळच्या इंग्लंडात लग्न झालं की बाईची जंगम मालमत्ता कायद्याने नवऱ्याची होत असे.